मायक्रोस्पोरिडियाची स्लाइड: या चुका टाळा

पावसाळा लागला की पुण्यात डोळे आलेल्यांची रांग लागते आणि आमच्या लॅबमध्ये त्याच त्या चुकांची. मायक्रोस्पोरिडिया म्हणजे डोळ्याला आणि पोटाला त्रास देणारे जंतू: एकपेशीय, परजीवी. पूर्वी यांना प्रोटोझोआत बसवायचे, आता बुरशीच्या गोतावळ्यात. रेशीमकिड्यांतल्या जातीला १८५७ सालीच नाव मिळालं, तरी आमच्याकडे त्यांची आठवण सगळ्यात शेवटी होते.

सगळ्यात मोठी चूक घाईची. ते दिसावेत म्हणून स्लाइड वेबर ट्रायक्रोम या रंगाने रंगवतात, त्याला ९० मिनिटं लागतात. ९० म्हणजे ९०. एकदा श्रावणात कॉलेजच्या एका पोराच्या बुबुळाचं स्क्रेपिंग, म्हणजे खरवडून घेतलेला नमुना, आलं. चिखलात फुटबॉल खेळलेला, एकच डोळा तीन आठवडे लाल. मेडिकलवाल्याने ‘डोळे आलेत’ म्हणून थेंब दिलेले, त्यात स्टेरॉइड! चार दिवस बरं वाटलं, मग होतं तसंच. आमच्या डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनचा कोर्स) शिकाऊ मुलाने स्लाइड २० मिनिटांत उरकली, कारण पाचची पीएमटीची बस गाठायची होती. रिपोर्ट: काही आढळलं नाही.

एक स्लाइड कोरी ठेवायची माझी खोड आहे. हसतात सगळे. दुसऱ्या दिवशी तीच रंगवली, घड्याळ लावून. हिरव्या पार्श्वभूमीवर गुलाबी लंबगोल ठिपके, कमरेला करगोटा बांधल्यासारखा आडवा पट्टा. बीजाणू! डॉक्टरांनी स्टेरॉइड थांबवलं, डोळा निवळला. ५० अंशांवर १० मिनिटांत रंगवायची पद्धतही आहे, पण तापमानावर डोळा ठेवण्याइतका धीर असलेला माणूस ९० मिनिटंही थांबतोच की.

स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला नमुना, मांड्यासारखा पातळ हवा, थालीपीठ नको. ॲसिड-फास्ट पद्धतीने रंगवताना जादा रंग धुवायला टीबीच्या सवयीने २० टक्के ॲसिड ओतू नका, इथे १ टक्का. कॅल्कोफ्लोर या चमकणाऱ्या रंगात काही चमकलं म्हणून नाचू नका, यीस्टही चमकतं. पण ते सहसा मोठं असतं आणि त्याला कळी फुटते. बीजाणू १ ते ४ मायक्रॉनचे, तेव्हा १००च्या ऑइल लेन्सशिवाय बघूच नका.

जुलाबाचा नमुना नेहमीच्या तपासणीला टाकून हे सापडत नाहीत. एचआयव्ही किंवा ट्रान्सप्लांटचा पेशंट असेल तर चिठ्ठीवर ‘मायक्रोस्पोरिडिया बघा’ असं लिहा. जात साध्या मायक्रोस्कोपवर कळत नाही, त्याला पीसीआर लागतं. आणि ती कळायला हवी, कारण एन्सेफॅलिटोझून या प्रकारावर चालणारं अल्बेंडाझोल हे औषध एन्टेरोसायटोझून या दुसऱ्या प्रकारावर फारसं चालत नाही.