रिपोर्टमधली 'टार्गेट सेल' कशी वाचायची

मी परळच्या एका लॅबमध्ये रोज स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, बघते. डीएमएलटीची (लॅब टेक्निशियन डिप्लोमाची) मुलं शिकायला आली की एक गोंधळ हमखास निघतो: हार्मोनच्या धड्यातली टार्गेट सेल वेगळी आणि मॅडम मायक्रोस्कोपखाली दाखवतात ती वेगळी, हे कसं? म्हणून सुरुवात विभागापासून करा. कागद हिमॅटॉलॉजीचा (रक्ताचा) आहे, एंडोक्राइनचा (हार्मोनचा) की इम्युनॉलॉजीचा (प्रतिकारशक्तीचा), ते आधी बघा.

हिमॅटॉलॉजीत टार्गेट सेल म्हणजे तांबड्या पेशीचा एक आकार. ऑइल इमर्शनवर (तेलाचा थेंब लावून वापरायच्या मोठ्या भिंगावर) मध्यभागी गडद ठिपका, भोवती फिकट कडं आणि बाहेर पुन्हा गडद कड दिसते, नेमबाजीच्या फळीसारखी. आतल्या मालाच्या मानाने पेशीचं आवरण जास्त झालं की असं होतं. थॅलेसेमियात (हा आनुवंशिक रक्तविकार), आणि काही वेळा लोह कमी असतानाही, हिमोग्लोबिनच कमी भरतं. पित्तमार्ग अडून झालेल्या काविळीत आवरणात कोलेस्टेरॉल साठून ते वाढतं. प्लीहा काढलेल्या पेशंटमध्येही या पेशी दिसतात, सोबत हॉवेल-जॉली बॉडी (तांबड्या पेशीत उरलेले केंद्रकाचे बारीक गोल ठिपके) असतात.

पण रिपोर्टवर लिहिण्याआधी स्लाइडची खात्री करा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत स्मिअर हळू सुकतो आणि खोट्या टार्गेट सेल तयार होतात. थेंब पसरला की काच लगेच पंख्याखाली धरा, पूर्ण सुकल्यावरच लिशमन (पेशी रंगवायचा रंग) घाला. मग फील्ड (भिंगाखाली दिसणारा भाग) बदलत राहा. एकाच पट्ट्यात झुंडीने दिसल्या आणि बाजूचा भाग स्वच्छ असला, तर तो सुकण्याचा दोष समजा आणि ताजा स्मिअर काढा. खऱ्या असतील तर त्या स्मिअरभर इतर पेशींत मिसळलेल्या सापडतात.

खऱ्या ठरल्या की सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) शेजारी ठेवा. एमसीव्हीला (तांबड्या पेशीच्या सरासरी आकारमानाला) तांबड्या पेशींच्या दशलक्षातल्या काउंटने भागा. एमसीव्ही ६२ आणि काउंट ५.८ असेल तर उत्तर साधारण १०.७ येतं. १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरची (आजाराचा जीन एकाच पालकाकडून आलेला वाहक) शंका घ्यायची, वर आलं तर आधी लोह तपासायचं. हा फक्त अंदाज आहे, निदान नाही. पुढे एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) लागतेच. त्यात एचबी ए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर बीटा थॅलेसेमिया मायनर धरतात, मात्र लोह फार कमी असलं की हा आकडा खाली येऊ शकतो. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली कुटुंबांत मायनर जास्त आढळतो हे खरं, पण 'आमच्यात नसतं' म्हणून तपासणी टाळू नका. नवरा-बायको दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर (आजाराचा गंभीर प्रकार असलेलं) होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून मायनर निघालेल्या गरोदर बाईला मी आवर्जून सांगते, ताई, मिस्टरांचंही रक्त याच आठवड्यात तपासून घ्या.

एंडोक्राइनमध्ये आकाराचा प्रश्नच नाही. ज्या पेशीवर किंवा पेशीत त्या हार्मोनचा रिसेप्टर (हार्मोन जिथे चिकटतो ती जागा) आहे, ती टार्गेट सेल. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) रक्तातून सगळीकडे फिरतं, पण काम मुख्यतः थायरॉइडच्या पेशींवर करतं. टाइप २ डायबेटिसमध्ये इन्सुलिन असूनही स्नायू, चरबी आणि लिव्हरच्या पेशी त्याला नीट दाद देत नाहीत.

इम्युनॉलॉजीत टार्गेट सेल म्हणजे जिला मारायचं ती पेशी, मग ती व्हायरस शिरलेली असो की कॅन्सरची. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ या कार-टी (पेशंटच्या टी पेशींत जनुकीय बदल करून कॅन्सरवर सोडायच्या) उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात पेशंटच्याच टी पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) सीडी१९ हे प्रथिन पृष्ठभागावर असलेल्या पेशी शोधून मारतात. सीडी१९ निरोगी बी पेशींवरही (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) असतं, म्हणजे त्याही टार्गेट ठरतात. अशा पेशंटच्या फाइलमध्ये बी पेशी जवळजवळ शून्य आणि इम्युनोग्लोब्युलिन (अँटीबॉडी) कमी दिसलं, तर नमुना चुकला असं गृहीत धरू नका, आधी उपचाराची तारीख बघा.