थायरॉइडचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हॉर्मोन) वाढलेला दिसला की बहुतेक जण म्हणतात, "माझा थायरॉइड वाढलाय." बहुतेक वेळा घडलेलं असतं नेमकं उलटं: गळ्यातली ग्रंथी कमी पडत असते. हा एक गैरसमज पुढच्या सगळ्या चुकांचं मूळ आहे, म्हणून आधी तो दूर करू.

टीएसएच थायरॉइड ग्रंथीत तयारच होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतो. तिच्यावरही हायपोथॅलॅमस या मेंदूच्याच भागाची देखरेख असते. तिथून टीआरएच नावाचं, जेमतेम तीन अमिनो आम्लांचं हॉर्मोन खाली येतं आणि पिट्यूटरीला टीएसएच सोडायला सांगतं. टीएसएच म्हणजे पिट्यूटरीने थायरॉइडला मारलेली हाक. ती ऐकून थायरॉइड रक्तातलं आयोडीन ओढून घेते, त्यापासून टी-फोर आणि थोडं टी-थ्री ही आपली दोन हॉर्मोन्स बनवते आणि साठ्यातलं हॉर्मोन रक्तात सोडते. ते पुरेसं झालं की तेच हॉर्मोन पिट्यूटरी आणि हायपोथॅलॅमसला थांबवतं. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. ग्रंथी कमी पडली की हाक मोठी होते, म्हणून टीएसएच वाढतो. ग्रंथी जास्त हॉर्मोन ओतू लागली की टीएसएच जवळजवळ शून्यावर येतो.

ही हाक फार संवेदनशील असते. टी-फोर थोडंसं घसरलं तरी टीएसएच कित्येक पटींनी चढतो. त्यामुळे टीएसएच २ वरून ६ झाला म्हणजे ग्रंथी तिप्पट बिघडली, असा हिशोब चुकीचा आहे. टी-फोर अजून ठरलेल्या मर्यादेत असेल, तर अशी किंचित वाढ काही आठवड्यांनी पुन्हा तपासल्यावर अनेकदा आपोआप उतरलेली दिसते. शिवाय टीएसएच दिवसभर सारखा राहत नाही. मध्यरात्रीनंतर तो सर्वांत वर असतो आणि दुपारी सर्वांत खाली. एकदा सकाळी आठला आणि पुढच्या वेळी दुपारी तीनला रक्त दिलं, तर त्या दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. तपासणी दरवेळी साधारण एकाच वेळी करा.

घाईने केलेली फेरतपासणी

माझ्या मते सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. समजा, टीएसएच १२ आला, टी-फोर कमी निघालं आणि लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे बाहेरून दिलेल्या टी-फोरची, गोळी सुरू झाली. दोन आठवड्यांत थकवा गेला नाही म्हणून परत रक्त तपासलं. टीएसएच ८ आला. "अजून जास्तच आहे" म्हणून डोस वाढवला. महिन्याने टीएसएच ०.१ निघाला, छातीत धडधड सुरू झाली आणि डोस एकदम खाली आणला. पुढच्या रिपोर्टमध्ये टीएसएच पुन्हा वर. यात बिचाऱ्या ग्रंथीचा काहीच दोष नाही. डोस पूर्ण लागू होण्याआधीच तो बदलला गेला.

टी-फोरचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे सात दिवसांचा आहे. नवा डोस सुरू केला की रक्तातली पातळी स्थिर व्हायला पाचेक आठवडे लागतात, आणि पिट्यूटरी त्यानंतर आपला सूर जुळवते. म्हणूनच डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करायची असते. याच कारणाने एखादी गोळी चुकली तर लगेच काही बिघडत नाही. पण कित्येक दिवस गोळ्या बुडवायच्या आणि तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस मन लावून घ्यायच्या, हे रिपोर्टमध्ये दिसतं. टी-फोर नॉर्मल किंवा थोडं जास्त येतं, टीएसएच मात्र चढलेलाच राहतो, कारण त्याला मागच्या आठवड्यांचा तुटवडा अजून भरून निघालेला जाणवत नाही. अशा वेळी डॉक्टरांना खरं सांगा. नाहीतर गोळी पुरेशी असूनही डोस वाढेल.

गोळी कशी घेतली जाते, यावरही आकडा हलतो. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे निदान अर्धा तास, जमल्यास तासभर काही खायचं नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांमध्ये आणि हिच्यामध्ये चार तासांचं अंतर हवं, नाहीतर ती आतड्यात नीट शोषली जात नाही. तपासणीच्या दिवशी रक्त देऊन झाल्यावरच गोळी घ्या, कारण घेतल्यानंतर काही तास टी-फोर तात्पुरतं वर जातं.

"टीएसएच नॉर्मल आहे, म्हणजे सगळं ठीक"

बहुतेकांच्या बाबतीत हे खरं असतं. पण हाक मारणारी पिट्यूटरीच आजारी असेल तर? तिथे गाठ असेल, शस्त्रक्रिया झाली असेल किंवा बाळंतपणात फार रक्तस्राव होऊन तिला इजा झाली असेल, तर टी-फोर कमी असूनही टीएसएच नॉर्मल किंवा कमी येतो. अशा माणसाचा डोस टीएसएच पाहून ठरवता येत नाही, टी-फोर पाहावं लागतं. जास्त चालणाऱ्या थायरॉइडवर उपचार झाल्यानंतरही असंच होतं. बराच काळ दबून राहिलेली पिट्यूटरी जागी व्हायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. तोवर टीएसएच कमीच दिसतो आणि टी-फोर आधीच खाली गेलेलं असू शकतं.

टी-फोर पाहायचं तर मुक्त टी-फोर पाहा. रक्तातलं ९९.९ टक्क्यांहून अधिक टी-फोर प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि पेशींना उपयोगी पडतो तो उरलेला सूक्ष्म अंश. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे ही प्रथिनं वाढतात, मग एकूण टी-फोर फुगलेलं दिसतं आणि ग्रंथी मात्र ठणठणीत असते.

टी-थ्रीचीही एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. शरीरातलं सुमारे ८० टक्के टी-थ्री ग्रंथीतून येतच नाही. ते यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी टी-फोरमधला आयोडीनचा एक अणू काढून तयार होतं. नियंत्रणाची ही दुसरी पायरी पिट्यूटरीच्या हातात नाही. न्यूमोनिया, मोठी शस्त्रक्रिया किंवा दीर्घ उपासमार असेल तर शरीर हे रूपांतर कमी करतं आणि टी-फोर निष्क्रिय रिव्हर्स टी-थ्रीकडे वळवतं. रुग्णालयात गंभीर आजारी असताना काढलेल्या रिपोर्टमध्ये टी-थ्री कमी दिसलं तर तेवढ्यावरून थायरॉइडचा आजार ठरवू नका. थायरॉइडचीच दाट शंका नसेल, तर माणूस बरा झाल्यावर तपासलेलं चांगलं.

आयोडीनचा अतिरेक

थायरॉइड आयोडीनपासून हॉर्मोन बनवते, मग जास्त आयोडीन दिलं की जास्त हॉर्मोन, असं वाटणं साहजिक आहे. पण ग्रंथीकडे स्वतःचा ब्रेक आहे. आयोडीन अचानक खूप वाढलं की ती हॉर्मोन बनवणंच थांबवते. १९४८ मध्ये वोल्फ आणि चैकॉफ यांनी हे दाखवलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. निरोगी ग्रंथी काही दिवसांत आयोडीन आत घेणं कमी करते आणि पुन्हा कामाला लागते. हाशिमोटोसारख्या आजाराने (यात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर हल्ला करते) आधीच दुबळी झालेली ग्रंथी मात्र ब्रेकमध्येच अडकू शकते. याउलट जुन्या गाठी असलेली ग्रंथी जादा आयोडीनवर बेफाम चालू लागते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम पुरतं. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अमिओडारोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. ते सगळं मोकळं होत नाही, तरीही गरजेपेक्षा कितीतरी जास्त ठरतं. म्हणून ही गोळी सुरू असेल तर थायरॉइड तपासत राहावं लागतं. आयोडीनने भरलेल्या समुद्री शेवाळाच्या गोळ्याही मनाने घेऊ नका.

केसांसाठी आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या ग्रंथीला काही करत नाहीत, पण काही यंत्रांच्या चाचणीत घोळ घालतात. टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटं जास्त येतं, म्हणजे थेट ग्रेव्हज आजाराचं, ग्रंथी जास्त चालण्याचं चित्र. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस त्या बंद ठेवा आणि लॅबला सांगा.

गरोदरपणात जुन्या मर्यादा लावू नका

पहिल्या तीन महिन्यांत वारेतून येणारं एचसीजी हॉर्मोन टीएसएचसारखंच थायरॉइडला चेतवतं. त्यामुळे टीएसएच थोडा खाली जातो आणि ते बहुधा नैसर्गिक असतं. पण जी स्त्री आधीच लेव्होथायरॉक्सिनची गोळी घेते, तिची ग्रंथी या चेतवण्याला पुरेसा प्रतिसाद देऊ शकत नाही. तिला बहुधा डोस वाढवावा लागतो, साधारण २५ ते ३० टक्क्यांनी आणि तोही लवकर, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ पूर्णपणे आईच्या हॉर्मोनवर अवलंबून असतो. पाळी चुकली आणि चाचणी पॉझिटिव्ह आली की पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहतात. बाळंतपणानंतर डोस बहुधा पूर्वीइतका केला जातो आणि सुमारे सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात.