औषध-उपलब्धतेचं बेसलाइन सर्वेक्षण: या चुका टाळा

बेसलाइनचा, म्हणजे कार्यक्रम सुरू होण्याआधीची स्थिती मोजणाऱ्या सर्वेक्षणाचा, अहवाल छापून येतो, त्याचं प्रकाशन होतं आणि तो कपाटात जातो. दोन-तीन वर्षांनी कार्यक्रम संपत आला की दुसरीच माणसं तो बाहेर काढतात आणि विचारतात, "तेव्हा नेमकं काय मोजलं होतं?" विकसनशील देशांत अत्यावश्यक औषधं लोकांपर्यंत पोहोचवण्याच्या कार्यक्रमांत या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा सापडत नाही, कारण चूक पहिल्याच दिवशी, औषधांच्या फळीसमोर झालेली असते.

'असतो' म्हणजे 'आहे' नव्हे

सर्वेक्षक विचारतो, "साल्ब्युटामॉल इनहेलर आहे का?" फार्मासिस्ट म्हणतो, "असतो की!" फॉर्मवर टिक होते आणि आकडा तिथेच खोटा होतो. डबा हातात घ्या, औषधाचं नाव, मात्रा आणि मुदत वाचा, मग टिक करा. मुदत संपलेली असेल तर 'नाही'. कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे असेल तरीही माझ्या मते 'नाहीच', कारण त्या दिवशी आलेला रुग्णही रिकाम्या हातानेच परतणार.

त्यातही ही पाहणी एका दिवसाची. आज फळीवर अमॉक्सिसिलिन आहे, पण स्टॉक कार्डावर (औषधाची आवक, जावक आणि शिल्लक नोंदवण्याच्या कार्डावर) गेल्या महिन्यात ४ तारखेपासून २७ तारखेपर्यंत शिल्लक शून्य, असं सहज घडतं. म्हणून मागच्या सहा महिन्यांतले तुटवड्याचे दिवस कार्डावरून उतरवून घ्या. कार्डावरची शिल्लक आणि प्रत्यक्ष मोजलेल्या गोळ्या जुळत नसतील तर दोन्ही आकडे लिहा, जुळवाजुळव करू नका. कार्ड भरलेलंच नसेल तर 'नोंद नाही' असं लिहा. तिथे ० टाकलं की संगणक त्याचा अर्थ 'एकही दिवस तुटवडा नव्हता' असा लावतो, आणि ज्यांचा कारभार सगळ्यात ढिला ती केंद्रं यादीत पहिली येतात.

बाटली की मिलिलिटर?

किमतीच्या रकान्यात सगळ्यात महागडी चूक एककाची असते. लहान मुलांचं पॅरासिटामॉलचं पातळ औषध कुठे ६० मिलिलिटरच्या बाटलीत मिळतं, कुठे १०० च्या. एकाने बाटलीची किंमत लिहिली, दुसऱ्याने भागाकार करून मिलिलिटरची लिहिली, तर एकच औषध शंभरपट महाग दिसतं. सर्वेक्षकाला भागाकार करायला लावूच नका. पाकिटाची किंमत आणि पाकिटाचा आकार हे दोन रकाने ठेवा, बाकी हिशेब कार्यालयात होऊ द्या. एखादी किंमत विचित्र वाटली तर त्याच संध्याकाळी फोन करून विचारा. महिन्याभराने दुकानदाराला काहीही आठवत नाही.

एवढी काळजी घेऊनही एखादा भलता आकडा सुटतोच, म्हणून सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, वापरा.

स्वतःची प्रश्नावली घडवण्याची हौस

जागतिक आरोग्य संघटना आणि हेल्थ ॲक्शन इंटरनॅशनल ही स्वयंसेवी संस्था यांनी २००३ मध्ये किंमत आणि उपलब्धता मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली, २००८ मध्ये ती सुधारली. मूळ ब्रँड आणि सर्वांत स्वस्त जेनेरिक वेगवेगळे नोंदवायचे, स्थानिक किंमत आंतरराष्ट्रीय संदर्भ किमतीच्या किती पट आहे ते काढायचं, अशी तिची साधी चौकट आहे. ती बाजूला ठेवून नवी प्रश्नावली केली की शेजारच्या देशाशी तुलना संपली. २००८ मध्येच सुरू झालेल्या मेडिसिन्स ट्रान्सपरन्सी अलायन्समध्ये (औषधांच्या व्यवहारात पारदर्शकता आणण्याच्या उपक्रमात) घाना, जॉर्डन, किर्गिझस्तान, पेरू, फिलिपिन्स, युगांडा आणि झांबिया असे सात देश होते. इतक्या वेगळ्या व्यवस्था शेजारी ठेवायच्या तर मोजपट्टी एकच लागते.

मात्र तयार पद्धतही पाय जमिनीवर ठेवून वापरा. परवडण्याचं माप तिथे सर्वांत कमी पगाराच्या अकुशल सरकारी कर्मचाऱ्याच्या रोजावर काढतात. समजा, मधुमेहाच्या महिन्याच्या गोळ्यांना ९० रुपये लागतात आणि दिवसाचा रोज ६० रुपये असेल, तर दीड दिवसाची मजुरी. ऐकायला बरं वाटतं. पण गरीब देशांत कित्येकांची कमाई त्या रोजापेक्षाही कमी असते आणि घरात आजारी माणूस एकच असतो असंही नाही. आकडा द्या, पण त्याखाली हे लिहा.

सरासरीच्या आड लपलेली औषधं

२००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ३६ देशांच्या सर्वेक्षणांचं विश्लेषण आलं. सरकारी केंद्रांत जेनेरिक औषधांची सरासरी उपलब्धता जगाच्या वेगवेगळ्या विभागांत २९.४ ते ५४.४ टक्के निघाली. असे आकडे धोरणकर्त्यांना जागं करायला चांगले, गोदाम चालवणाऱ्याला निरुपयोगी. दहापैकी पाच औषधं सगळीकडे आणि पाच कुठेच नाहीत, तरी उपलब्धता ५० टक्केच. प्रत्येक औषधाचा आकडा वेगळा छापा. जुनाट आजारांची औषधं वेगळी काढलीत तर चित्र पटकन दिसतं.

नमुना आणि वेळ

डांबरी रस्त्यालगतची केंद्रं निवडू नका आणि तारीख आधी कळवू नका. मंत्रालयाचं परवानगीपत्र खिशात असलं की पुरे. एखादं केंद्र बंद किंवा रिकामं सापडलं म्हणून शेजारचं भरलेलं केंद्र घेतलंत, तर जे मोजायला आलात तेच वगळलंत.

बेसलाइन कार्यक्रमाआधी हवी, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी निधी उशिरा येतो, पहिली खेप आधी पोहोचते आणि 'सुरुवातीची' स्थिती फुगलेली निघते. अशा वेळी खेप येण्याआधीच्या महिन्यांची स्टॉक कार्डं कामी येतात. कार्यक्रम नसलेले काही जिल्हेही मोजा, नाहीतर देशभर आपोआप झालेली सुधारणा तुमच्या नावावर जमा होईल. शेवटचं सर्वेक्षण बेसलाइन ज्या महिन्यात झाली त्याच महिन्यात घ्या. मलेरियाच्या हंगामातली फळी आणि वार्षिक खरेदीनंतरची फळी यांची तुलना होत नाही.

मूळ फॉर्म सांभाळून ठेवा. अहवालातल्या तक्त्यावरून बाटली ६० मिलिलिटरची होती की १०० ची, हे कुणालाच सांगता येत नाही.