सांगली-मिरजेतून बायोमेडिकल इंजिनिअरिंगकडे: निर्णय कसा घ्यावा

दहावीनंतर जीवशास्त्राची आवड आहे म्हणून गणित सोडायचे आणि बारावीनंतर बायोमेडिकल इंजिनिअरिंगची, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या अभियांत्रिकीची, चौकशी करायची, हा क्रम उलटा आहे. राज्यातील अभियांत्रिकी पदवी प्रवेशासाठी एमएचटी-सीईटीचा भौतिक, रसायन आणि गणित हा गट द्यावा लागतो. जीवशास्त्राचा गट त्यासाठी चालत नाही. म्हणून अकरावीत गणित ठेवावेच, आणि झेपत असेल तर जीवशास्त्रही सोबत घ्यावे. दहावीनंतर लगेच वळायचे असल्यास मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते.

गणित कशासाठी, हे ईसीजी यंत्रावरून कळते. हृदयाचा विद्युत संकेत छातीच्या त्वचेवर जेमतेम एक मिलिव्होल्ट भरतो, आणि खोलीतील वायरिंगमुळे ५० हर्ट्झचा गोंगाट त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. दोन इलेक्ट्रोडवर सारखाच येणारा गोंगाट वजा करून फक्त फरक वाढवणारे प्रवर्धक (अँप्लिफायर), त्यानंतरचे फिल्टर आणि रुग्णाच्या शरीरात वीज उतरू नये म्हणून केलेले विलगीकरण, ही साखळी ज्याला कागदावर मांडता येते त्याला हा अभ्यासक्रम जड जात नाही. थेट हृदयाशी जोडल्या जाणाऱ्या उपकरणातून रुग्णाकडे जाणारा गळतीप्रवाह सामान्य स्थितीत १० मायक्रोअँपिअरच्या आत असावा, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. शरीररचना शिकावी लागते, पण रोजचे काम इलेक्ट्रॉनिक्सचेच असते.

निर्णयापूर्वी मिरजेचा उपयोग करून घ्यावा. १८९४ पासूनच्या वॉन्लेस रुग्णालयामुळे आणि नंतरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामुळे येथे रुग्णालयांची दाटी आहे. ज्याला त्यांच्या पडद्यामागची यंत्रे पाहायची आहेत त्याला पुण्या-मुंबईची वाट धरावी लागत नाही. एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या प्रशासनाकडे लेखी अर्ज करून देखभाल विभागात काही दिवस बसण्याची परवानगी मागावी. तेथे व्हेंटिलेटरची नियतकालिक तपासणी, हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरवर २०० जूल ठरवले असता त्याने प्रत्यक्षात किती ऊर्जा सोडली याची विश्लेषक या चाचणी यंत्रावरील नोंद आणि वार्षिक देखभाल कराराची नोंदवही पाहावी. अतिदक्षता विभागातून रात्री-अपरात्री बोलावणे आले की जावे लागते, ही बाब माहितीपत्रकात सापडत नाही.

शाखेच्या नावावर फार अडून बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स अथवा इलेक्ट्रिकल मिळत असेल, तर केवळ नावासाठी प्रयोगशाळा नसलेल्या दूरच्या महाविद्यालयात जाणे शहाणपणाचे नाही. पदव्युत्तर अभियांत्रिकी प्रवेशाच्या गेट परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. तो देऊन आयआयटी मुंबईसारख्या संस्थांतील पदव्युत्तर शिक्षणाकडे वळता येते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने देशी कृत्रिम हृदयझडप घडवली, त्यात धातुशास्त्र आणि यंत्रशास्त्र जाणणाऱ्यांचाही वाटा होता.

नोकरीचे ढोबळ तीन मार्ग आहेत: रुग्णालयातील देखभाल, कंपनीची विक्री व सेवा, आणि उपकरणनिर्मिती. सेवेत प्रवास फार असतो. निर्मितीकडे जाणाऱ्याने वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ आणि त्यांतील ए (सर्वांत कमी जोखीम) ते डी (सर्वांत जास्त) हे जोखीमवर्ग तिसऱ्या वर्षातच वाचून काढावेत आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडताना आपले उपकरण कोणत्या वर्गात बसेल, हे आधी ठरवावे.