कुरळे केस: धुणं सोपं, सुकवणं अवघड

‘नीट विंचरत जा, म्हणजे बसतील’ हा सल्ला मी लहानपणापासून ऐकला आणि सोसला. कुरळे केस असे बसत नाहीत. कोरडे असताना फणी फिरवली की बटा फुटतात, केस तुटतात आणि डोक्यावर पिंजलेला कापूस उभा राहतो. मुलीचे केस कुरळे असतील तर कृपा करून तिला दर रविवारी रडवू नका. कोरड्या केसांना फणी लावायचीच नाही.

आठवड्यातून दोनदा न्हाणं पुरे. टाळूचं तेल वळणावळणाच्या केसावरून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून मुळं तेलकट आणि टोकं कोरडी राहतात. त्यामुळे शाम्पू फक्त टाळूला लावा, सल्फेट (फेस आणणारं कडक रसायन) नसलेला मिळाला तर उत्तम. घरी बोअरचं जड पाणी येत असेल तर शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या.

कंडिशनर मात्र हात आखडता न घेता लावा आणि गुंता त्यातच सोडवा. बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकांपासून सुरुवात करून वर वर जात.

यापुढच्या टप्प्यावर मी कित्येक वर्षं चुकत होते. न्हाऊन झालं की टॉवेल घट्ट गुंडाळायचा, केस अर्धवट सुकले की जेल लावायचं. दर वेळी वरचा थर भुरभुरीत आणि आतले केस चिकट. जेल बदलून पाहिली, शाम्पू बदलले. चूक वेळेची होती.

पाण्याने केसातले काही बंध सुटतात आणि केस सुकताना ते पुन्हा जुळतात. सुकताना केस ज्या वळणात असेल, ते वळण पुढच्या न्हाण्यापर्यंत टिकतं. म्हणून जेल लावायचं ते न्हाणीघरातच, कोपरांवरून पाणी ओघळत असताना. डोकं पुढे वाकवा, जेल दोन्ही तळव्यांवर पसरून केसांवरून फिरवा. मग टोकं ओंजळीत घेऊन टाळूकडे आवळा. पचपच असा आवाज आला पाहिजे. येत नसेल तर पाणी कमी पडलं आहे, आणखी थोडं घ्या. दहा-बारा वेळा आवळलं की बटा आपोआप जुळून येतात.

जेल घरीही होतं. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळा, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार दिसू लागली की गॅस बंद करा आणि गरम असतानाच गाळा. गार झाल्यावर ते गाळलं जात नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं.

आता टॉवेल बाजूला ठेवा. त्याचे धागे बटा ओढतात. साधा सुती पंचा घ्या, त्यात केस धरून दाबा, चोळू नका. आणि यानंतर हात लावू नका. ही गोष्ट मी कळकळीने सांगते आहे, कारण सगळे इथेच घसरतात. अर्धवट सुकलेली बट बोटाने सरळ केली, मागे सारली, क्लिप लावली की ती तिथेच बिघडते. पावसाळ्यात दमट हवेत सुकायला चार-पाच तासही लागतात. कामावर जायच्या घाईत न्हाऊ नका, सुट्टीच्या दिवशी न्हा.

सुकले की केस वाळल्या पापडासारखे कडक लागतील. घाबरून धुवून टाकू नका, जेलचं ते कवच हवंच आहे. मानेजवळच्या आतल्या बटा चाचपून पाहा, तिथे जराही ओल असेल तर थांबा. पूर्ण कोरडे झाल्यावर तळव्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळून केस पुन्हा तसेच खालून वर आवळा. कवच मोडतं, बटा मऊ होतात.

रात्री केस माथ्यावर सैल बांधा, उशीला जुन्या रेशमी साडीचा अभ्रा घाला. सकाळी थोडं पाणी फवारून आवळलं की पुरतं.