माहितीपटाचं फुटेज: रशेस वाढत जातात तेव्हा या चुका टाळा

माहितीपटाचं फुटेज हरवतं कमी, सापडेनासं होतं जास्त. डिस्कवर सगळं असतं, पण पुराबद्दल बोलता बोलता आजी मधेच थांबून खिडकीबाहेर बघत राहिल्या, तो शॉट कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे कुणालाच सांगता येत नाही. कथापटात प्रत्येक शॉटला निदान सीन नंबर असतो. माहितीपटात शंभर तासांचे रशेस (कच्चं चित्रण) झाले तरी त्यांना आपण देऊ तेवढीच ओळख मिळते. आणि ही ओळख द्यायची वेळ म्हणजे शूटिंगचा दिवस, एडिटचा पहिला आठवडा नव्हे.

कार्डातून फक्त क्लिप ओढून घेणं

घाईच्या वेळी कार्ड उघडून तेवढ्या व्हिडिओ फाइली उचलल्या जातात. बाकीचे फोल्डर निरुपयोगी वाटतात, पण ते तसे नसतात. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत प्रत्येक क्लिपसोबत एक छोटी एक्सएमएल फाइल असते आणि त्या क्लिपची बरीचशी माहिती तिच्यात असते. एव्हीसीएचडी या रेकॉर्डिंग फॉरमॅटमध्ये लांबलचक मुलाखत अनेक तुकड्यांत साठते आणि ते तुकडे कसे जोडायचे हे बाजूच्या फाइलींत नोंदलेलं असतं. मुलाखतीत ठरावीक अंतराने आवाज क्षणभर तुटत असेल, तर आधी हेच तपासा. कार्डाची पूर्ण प्रत हाताशी असेल, तर ती अख्ख्या फोल्डरसकट एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मीडिया ब्राउजरमधून पुन्हा आत घ्या. बहुतेक वेळा खटका जातो.

‘कॉपी पूर्ण झाली’ एवढा संदेश पुरेसा धरणं हीसुद्धा चूकच. फाइल लिहून झाली, एवढंच तो सांगतो. लिहिलेलं मूळ फाइलशी जुळतं का, हे तो पाहत नाही. त्यासाठी चेकसम, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, लागतो. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मीडिया पेजवरचं क्लोन टूल चेकसमसह कॉपी करतं. वेळ थोडा जास्त लागतो, तो द्या. दोन वेगळ्या डिस्कवर पडताळलेल्या प्रती झाल्या आणि चार-पाच क्लिप प्रत्यक्ष चालवून पाहिल्या, की मगच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॅमेऱ्यातच. चुकून आधीच फॉरमॅट झालं असेल तर त्या कार्डावर एकही नवा शॉट घेऊ नका. पुन्हा काही लिहिलं जाईपर्यंत रिकव्हरीची आशा असते.

रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून केलेली साठवण) म्हणजे बॅकअप, हा समज फार महाग पडतो. एखादी डिस्क बंद पडली तर बहुतेक प्रकारचं रेड तारून नेतं. चुकून डिलीट केलेलं फोल्डर मात्र सगळीकडून एकाच क्षणी जातं. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम अजूनही सर्वात भरवशाचा आहे. जागेचा हिशेबही आधीच करा. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) चित्रित केलेल्या एका तासाला सुमारे ४५ जीबी लागतात. म्हणजे ४० तासांना १.८ टीबी, तीन प्रतींना ५.४ टीबी, आणि प्रॉक्सी (एडिटसाठी केलेल्या हलक्या प्रती) वेगळ्या.

नावं आणि घड्याळं

दोन कॅमेरे, दोघांतही सी०००१ नावाची क्लिप. पुढे रिलिंक करताना (एडिटला मूळ फाइली पुन्हा जोडताना) सॉफ्टवेअर भलतीच क्लिप जोडतं आणि चूक लक्षात येईपर्यंत अर्धा एडिट झालेला असतो. कॅमेऱ्याच्या मेनूत क्लिपच्या नावाचं आद्याक्षर बदलता येत असेल तर प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळं द्या आणि क्रमांक ‘रीसेट’वर न ठेवता सलग चालू ठेवा. मूळ क्लिपची नावं नंतर बदलू नका. तारीख, ठिकाण, कॅमेरा हे सगळं फोल्डरच्या नावात येऊ द्या. तारखेत वर्ष आधी लिहिलं की यादी आपोआप क्रमाने लागते. नावं रोमन लिपीत आणि स्पेस न देता ठेवलेली बरी, कारण काही सॉफ्टवेअर इतर लिपींवर अडतात. रोज सकाळी सगळ्या कॅमेऱ्यांची आणि साउंड रेकॉर्डरची घड्याळं जुळवा.

लॉग पुढे ढकलणं

लॉग म्हणजे कुठल्या क्लिपमध्ये कधी काय आहे याची नोंद. सर्वात मोठं नुकसान इथे होतं. ‘आजींची मुलाखत, चांगली’ ही नोंद सहा महिन्यांनी काहीही सांगत नाही. ‘१४:२२:१० – पाणी दारापर्यंत आलं तेव्हा कोण कुठे होतं ते सांगतात, १४:२३:०५ – थांबतात, खिडकीबाहेर बघतात, सुमारे २० सेकंद शांतता, मागे गाडीचा हॉर्न’ अशी नोंद थेट एडिट टेबलावर उपयोगी पडते. शांतता, नजर, मधेच आलेला माणूस यांतलं काहीही ट्रान्सक्रिप्टमध्ये (बोलण्याच्या लेखी उताऱ्यात) उतरत नाही. जो तिथे हजर होता त्यानेच ते त्याच संध्याकाळी लिहायला हवं. ऑटोमॅटिक ट्रान्सक्रिप्ट जरूर काढा, शोधायला ते फार सोयीचं असतं. पण माणसांची आणि गावांची नावं, बोलीतले शब्द त्यात हमखास चुकतात. निदान नावं तरी हाताने दुरुस्त करा.

टॅगसाठी शब्दांची एक पक्की यादी करा. एकाने ‘नदी’, दुसऱ्याने ‘पात्र’, तिसऱ्याने ‘पाणी’ लिहिलं, तर कुठल्याही शोधात पूर्ण फुटेज येणार नाही. आणि ‘फालतू’ वाटलेल्या क्लिप शूटिंगच्या ठिकाणी उडवू नका. मुलाखतीआधीची कुजबुज, खोलीचा नुसता आवाज, कॅमेरा चालूच राहिल्याने मिळालेला हाताचा शॉट, यांनीच कितीतरी प्रसंग जोडले जातात.

प्रॉक्सी जुळत नाही, आवाज सरकतो

‘मीडिया ऑफलाइन’ दिसलं की आधी डिस्कचं नाव किंवा ड्राइव्हचं अक्षर बदललंय का ते बघा. तिथे काही नसेल तर प्रॉक्सी आणि मूळ क्लिप यांचं नाव, फ्रेम रेट, टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरची वेळ) आणि ऑडिओ चॅनेलची संख्या जुळवून पाहा. चार चॅनेलच्या क्लिपची दोन चॅनेलची प्रॉक्सी हे फार नेहमीचं कारण आहे.

आवाज आणि ओठ जुळत नसतील तर फरक मोजा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो तेवढाच असेल तर चूक सिंकची आहे, ट्रॅक सरकवा. हळूहळू वाढत असेल आणि चित्रण फोनवरचं असेल, तर बहुधा बदलता फ्रेम रेट हे कारण असतं. एडिटला घेण्याआधी ती क्लिप हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर बदलून घ्या. स्वतंत्र रेकॉर्डरवरच्या दीर्घ रेकॉर्डिंगमध्येही असा फरक वाढत जातो. तिथे दर काही मिनिटांनी कट देऊन पुन्हा जुळवावं लागतं.

फिल्म पूर्ण झाल्यावर

डिस्क कपाटात ठेवून विसरू नका. वर्षातून एकदा ती चालवा, चेकसम पुन्हा जुळवा. बंद पडून राहिलेल्या एसएसडीवर दीर्घ काळ विसंबू नका. मुलाखत देणाऱ्यांची संमतीपत्रं आणि जुन्या चित्रफितींच्या हक्कांचे कागद स्कॅन करून फुटेजसोबतच ठेवा. प्रोजेक्ट फाइल पुढच्या काळात उघडेलच असं नाही. म्हणून लॉग सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) आणि ट्रान्सक्रिप्ट साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढून प्रत्येक डिस्कवर एकेक प्रत ठेवा.