ट्रेकिंगचं वापरलेलं सामान ओळखीत घेता-देताय? या चुका टाळा

माझे ट्रेकिंगचे शूज चार वर्षं माळ्यावर पडून होते. दिसायला नवेकोरे. ग्रुपमधल्या एका मुलाला मी ते 1,800 रुपयांना दिले. ‘जेमतेम तीनदा घातलेत’ असं सांगितलं, आणि ते खरंच होतं. चार वर्षं पडून आहेत हे मात्र सांगितलं नाही, कारण त्याने काही फरक पडतो हेच मला ठाऊक नव्हतं. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढताना एका बुटाचा तळ सुटला. पोरगा उरलेली वाट बुटाला दोरी गुंडाळून चढला. मला एका शब्दाने बोलला नाही. दोन महिन्यांनी तिसऱ्याच माणसाकडून कळलं. पैसे लगेच परत केले. पण ओळखीचा म्हणून तो दोन महिने गप्प बसला, ही गोष्ट मनातून जात नाही.

असल्या व्यवहारात किमतीवरून फारसं बिनसत नाही. बिनसतं ते न सांगितलेल्या आणि न विचारलेल्या गोष्टींवरून.

‘फारसं वापरलेलं नाही’ एवढंच सांगणं

बऱ्याच ट्रेकिंग शूजच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या दमटपणाने तो आतून कुजत जातो, मग बूट वापरा किंवा ठेवून द्या. मुंबई-कोकणातल्या हवेत तर हे ठरलेलंच. घेण्याआधी तळाच्या कडेला अंगठा दाबून बघा, बूट मधोमध वाकवून बघा. बारीक भेगा किंवा भुगा दिसला तर फुकटही घेऊ नका. टेंटच्या आतल्या थराचंही असंच होतं: हाताला चिकट लागला आणि आंबूस वास आला की त्याचे दिवस संपले. पसरून, उभा करून बघितल्याशिवाय टेंट घ्यायचा नाही आणि द्यायचाही नाही.

रोपचा (चढाईच्या दोराचा) इतिहास न विचारणं

इथे मी कुणाचीही भीड ठेवत नाही. ‘रोप मस्त आहे रे’ हे उत्तर नव्हे. कोणत्या वर्षी बनला, लीड करताना (सगळ्यांच्या पुढे रोप घेऊन चढताना) त्यावर कुणी पडलं का, किती मोठं पडलं, रॅपलिंगला (रोपावरून खाली उतरायला) किती वापरला, ठेवला कुठे, हे सगळं विचारायचं. पावसाळी धबधब्यांतल्या रॅपलिंगमध्ये भिजलेल्या रोपात माती आणि बारीक खडे शिरतात आणि आतले धागे झिजवत राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी ठेवलेला रोप तर मुळीच नको. ॲसिडने नायलॉनची ताकद जाते आणि वरून डागसुद्धा दिसत नाही. म्हणून हे विकणाऱ्यानेच सांगायला हवं. घेणाऱ्याला बघून कळण्यासारखं ते नाहीच.

रोप स्टॅटिक की डायनॅमिक, तेही स्पष्ट बोला. पडल्यावर ताणून झटका पचवतो तो डायनॅमिक. स्टॅटिकवर लीड केलं तर तो सगळा झटका अंगावर आणि अँकरवर, म्हणजे रोप जिथे कड्याला बांधलाय त्या जागेवर, येतो. मग पूर्ण रोप हातातून वीत-वीत सरकवायचा. कुठे मऊ, चपटा किंवा एकदम कडक लागला, की आतला गाभा गेला असं समजायचं.

हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) आणि स्लिंग (कापडी पट्टीचा फास) यांच्यावरचं लेबल वाचा. पेट्झलसारखी चढाईचं सामान बनवणारी कंपनी कापडी आणि प्लास्टिकच्या सामानाला बनल्यापासून जास्तीत जास्त 10 वर्षं देते, तीही वापर नीट असेल तरच. लेबल पुसलं गेलं असेल तर व्यवहार सोडा. धातूच्या वस्तूंना अशी मुदत नसते, पण कॅराबिनर (रोप अडकवायची धातूची कडी) किंवा डिसेंडरवर (रोपावरून उतरताना वेग आवरणारं साधन) रोपाने पाडलेली खाच नखाला लागते का ते बघा. वापरलेलं हेल्मेट मी कुणाकडूनही घेत नाही, देतही नाही.

मानापुढे गप्प बसणं

ग्रुपमध्ये नवा आलेला मुलगा ज्यांना दादा म्हणतो, तेच जेव्हा ‘घेऊन टाक, तुला म्हणून देतोय’ म्हणतात, तेव्हा तो नाही म्हणू शकत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे लागू पडतं. दादांना माझं कळकळीचं सांगणं आहे: किंमत तुम्ही ठरवू नका. वस्तू तिसऱ्या जाणत्याला दाखवा, त्याने सांगितलेला आकडा दोघांनी मान्य करा आणि पोराला दोन दिवस विचार करू द्या.

याच्या उलटही होतं. मुलगा परदेशी गेला किंवा, देव न करो, या जगातून गेला, की घरचे त्याचं सामान काढायला बसतात. त्यांना कॅराबिनर आणि किल्ल्यांचा जुडगा यांत फरक दिसत नाही. एका काकूंनी माझ्यापुढे अख्खी पेटी ठेवली आणि म्हणाल्या, ‘पाचशे दे आणि घेऊन जा.’ आपल्याला किंमत माहीत आहे आणि समोरच्याला नाही, अशा वेळी गप्प राहणं ही मी चोरीच मानतो. बसून एकेका वस्तूची यादी केली, आजचा भाव लिहून दिला आणि मला हवं होतं तेवढंच त्या भावाने घेतलं.

पेटीतल्या चार कॅराबिनरवर निळी चिकटपट्टी होती, म्हणजे ते काकूंच्या मुलाचे नव्हतेच, ग्रुपचे होते. आपापलं सामान ओळखू यावं म्हणून आपण रंगीत पट्ट्या लावतो. विकण्याआधी त्या तपासा आणि सामायिक वस्तू परत करा.

उधारी असेल तर तारीख आणि रक्कम मोबाइलवर लिहून एकमेकांना पाठवा. तेवढं पुरतं.

आणि रोप बाद झाला असेल तर ‘कपडे वाळत घालायला ने’ म्हणून अख्खा देऊ नका. त्याचे दोन-दोन मीटरचे तुकडे करा, मग द्या. अख्खा दिलेला रोप सहा महिन्यांनी कुणाच्या तरी सॅकमधून एखाद्या सुळक्याच्या पायथ्याशी निघतो.